सोमवारची मीटिंग : ठरलेलं टिकवायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत साठेक माणसांचा कारखाना. टर्निंग (लेथवरचं कातकाम) आणि थ्रेड रोलिंग (दाब देऊन आटे पाडणं) करून बोल्ट, स्टड (डोकं नसलेले, आट्यांचे दांडे) आणि लहान पार्ट पुरवणारा. वडिलांनी उभा केला, खरेदी काका बघतात, आता रोजचं कामकाज तुमच्याकडे आलंय. दर सोमवारी साडेदहाला मीटिंग बसते ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालते. दर आठवड्याला तेच मुद्दे येतात. सुपरवायझर गप्प, सेल्सचा माणूस फोनवर, आणि मीटिंग उठली की वडील एखाद्याला केबिनमध्ये बोलावून ठरलेलं बदलतात. तुम्ही अजेंडा काढून पाहिला, वेळ बांधून पाहिली, फरक पडला नाही. आता विचारताय की ही मीटिंग बंदच करावी का, आणि वडिलांना तिथे बसवावं की नाही.

बंद करू नका. पण अजेंडा आणि वेळ यांच्या मागेही सध्या लागू नका. तुमच्या वर्णनातलं शेवटचं वाक्यच मुळाशी आहे, बाकीचं सगळं त्यातून आलंय. मीटिंगमध्ये ठरलेलं केबिनमध्ये बदलतं, हे तुमच्या माणसांना कधीच कळून चुकलंय. मग सुपरवायझरने तिथे डोकं कशाला लावायचं? गुरुवारी कुठलं मशीन कुठल्या पार्टीच्या मालावर लागणार हे त्याला सोमवारी एकच्या सुमाराला, केबिनच्या दारात कळणार आहे. तोवर तो गप्प बसतो, विचारलं तर ‘हो मॅडम, करून घेतो’ म्हणतो. सेल्सचा माणूस फोनवर असतो, कारण त्याला माहीत आहे की डिस्पॅचची तारीख हवी असेल तर थेट तुमच्या वडिलांना फोन करायचा. आणि तेच मुद्दे परत येतात, कारण गेल्या सोमवारी ते ठरल्यासारखे वाटले, प्रत्यक्षात ठरले नव्हते.

माझी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये गेली. आता दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या आणि वागळे इस्टेटमधल्या लहान युनिटमध्ये अशाच बैठका मार्गी लावायला बसते. मालक चालवतात त्या कारखान्यांत मीटिंग बिघडण्याचं हे कारण मला सगळ्यांत जास्त वेळा दिसलंय. वेळ न पाळणं, भरकटणं, सगळे एकदम बोलणं हे नंतरचं.

तेव्हा पहिली गोष्ट वडिलांशी आणि काकांशी बोलण्याची. ती मीटिंगमध्ये नाही, घरी किंवा केबिनमध्ये, तिघांनीच. बोलताना ‘तुम्ही मध्ये पडता’ हा सूर नको. तो खराही नाही. कोणती पार्टी पैसे उशिरा देते पण बुडवत नाही, कोणाला खरोखर घाई आहे आणि कोणाचा खरेदी अधिकारी सवयीने ओरडतो, हे त्यांच्या डोक्यात आहे आणि कुठल्याच कागदावर नाही. ते केबिनमध्ये बदल करतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्याकडे मीटिंगमध्ये न आलेली माहिती असते. पार्टीचा फोन आलेला असतो, किंवा सगळ्यांसमोर बोलायला नको म्हणून त्यांनी काहीतरी मनात ठेवलेलं असतं. माहिती बरोबर असते. ती एकाच माणसाला, दाराआड सांगितली जाते, तिथे गडबड होते. सुपरवायझर मशीन बदलतो, स्टोअरला कळत नाही, प्लेटिंगची (धातूचा पातळ थर चढवायला माल बाहेर नेणारी) गाडी रिकामी परत येते आणि पुढच्या सोमवारी अर्धा तास ‘असं का झालं’ यावर जातो.

त्यांच्यासमोर एक कोरा कागद ठेवा आणि निर्णयांच्या तीन याद्या करा. पहिली, जे निर्णय फक्त वडिलांचे: दर, जुन्या पार्टीची उधारी किती वाढवायची, नवं मशीन, माणूस ठेवणं किंवा काढणं. हे मीटिंगमध्ये चर्चेला आणायचेच नाहीत, फार तर ठरल्यावर कळवायचे. दुसरी, जे मीटिंगने ठरवायचे: आठवड्यात कोणता माल आधी, ओव्हरटाइम कुठे, कोणतं काम जॉबवर्कला बाहेर द्यायचं, रिजेक्शनवर काय करायचं. तिसरी, ज्यांना मीटिंग लागतच नाही, ज्याचं काम त्याने करून टाकायचं. ही याद्यांची बैठक दोन-तीन वेळा होईल, वाद होतील, होऊ द्या. काका म्हणतील की कच्चा माल कुठून घ्यायचा हे माझं काम, त्यात मीटिंग कशाला. बरोबर आहे, ते त्यांच्या यादीत जाऊ दे. पण माल कधी यायला हवा, ही तारीख मीटिंगची.

मग एकच नियम. दुसऱ्या यादीतलं ठरलेलं वडिलांना बदलायचं असेल तर त्यांनी जरूर बदलावं, मालक आहेत. फक्त तो बदल ज्याच्याकडे मीटिंगचा कागद आहे त्याला आधी सांगायचा, त्याने कागदावर खोडून नवं लिहायचं, आणि त्याच दिवशी सगळ्यांना कळवायचं. कागदावर शेवटी ‘बदल’ असा एक रकाना ठेवा आणि त्यात कारण दोन शब्दांत लिहा: ‘पार्टीची लाइन थांबली’, ‘रॉड आला नाही’. या रकान्यात वडिलांना कमीपणा वाटू नये याची काळजी तुम्ही घ्यायची. अनेक मालकांना हे मान्य होतं, कारण त्यांचा अधिकार कुठेही कमी होत नाही, आणि आपण सांगितलेलं चार दिवसांनी भलत्याच रूपात कानावर येतं हा त्यांचाही रोजचा त्रास असतो. तो त्रास त्यांना आठवून द्या. बोलण्याची सुरुवात तिथूनच करा.

हे जमलं की पुढचं सोपं आहे. जमलं नाही तर पुढचं करूनही उपयोग होणार नाही, म्हणून घाई करू नका.

आता त्या अडीच तासांकडे बघू. तुम्ही मुद्दे पाठवलेत त्यावरून दिसतं की एकाच बैठकीत चार वेगवेगळ्या बैठका भरलेल्या आहेत: आज काय निघणार, आठवड्याचं नियोजन, पैशांची वसुली, आणि गुणवत्तेच्या तक्रारी. वसुलीवर बोलणं चालू असताना तुमचा थ्रेड रोलिंगचा सुपरवायझर तिथे बसलेला असतो आणि त्याचं मशीन सेटिंगसाठी त्याची वाट बघत उभं असतं. हे आधी सोडवा.

‘आज काय निघणार’ हे रोज, उभ्याने, शॉप फ्लोअरवर. सकाळची शिफ्ट लागून मशीन सुरू झाली आणि जनरल शिफ्टची माणसं आली की लगेच. डिस्पॅचजवळ, जिथे आवाज जरा कमी असेल तिथे एक फळा लावा. प्रॉडक्शन, क्यूसी (गुणवत्ता तपासणी), स्टोअर, डिस्पॅच, इतकेच लोक. तीनच गोष्टी: काल जायचं ते काय राहिलं, आज काय जायचंय, कुठे अडलंय. आपल्याकडे ही वेळ सांभाळण्याला एक खास कारण आहे. ठाणे शहरात आणि घोडबंदर रोडला अवजड गाड्यांना गर्दीच्या वेळी सोडत नाहीत, आणि निर्यातीचा माल असेल तर न्हावा शेवा बंदरात कंटेनर आत घेण्याची वेळ ठरलेली असते. बारा वाजता कळलं की एका पेटीचा क्यूसी रिपोर्ट राहिलाय, तर गाडी संध्याकाळवर नाही, दुसऱ्या दिवसावर जाते. हीच गोष्ट सव्वानऊला कळली तर हातात दोन-अडीच तास असतात. फळ्यासमोर एखादा मुद्दा लांबायला लागला की ज्या दोघांचा आहे ते दोघे थांबतील, बाकीचे कामाला जातील. पंधरा मिनिटांवर जाऊ देऊ नका. बसायला खुर्ची आणू नका, चहा आणू नका, चहा नंतर सगळ्यांनी मिळून घ्या.

वसुलीची बैठक वेगळी काढा. अकाउंट्स, सेल्स आणि वडील, बस. हिच्यात शॉप फ्लोअरच्या माणसाचं काही काम नाही. तुमच्यासारख्या युनिटला इथे कायद्याचा आधार आहे आणि तो टेबलावर असायला हवा. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे उद्यम नोंदणी (सरकारची लघुउद्योग नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागू होतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, त्या मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा करता येत नाही. त्यामुळे मार्चच्या तोंडावर मोठ्या पार्ट्यांचे अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात. बैठकीत यादी ‘किती येणं आहे’ अशी नको, बिलाच्या वयानुसार हवी: ३० दिवसांच्या आतली, ४५ कडे निघालेली, ४५ ओलांडलेली. आणि प्रत्येक ओलांडलेल्या बिलापुढे एकच प्रश्न: या पार्टीला या आठवड्यात कोण फोन करणार, सेल्स की वडील? व्याजाची भाषा कोणाशी करायची आणि कोणाशी नाही हे वडिलांना नेमकं कळतं, तो निर्णय त्यांच्यावर सोडा.

उरली आठवड्याची मीटिंग. तिला पाऊण तास पुरतो. दिवस सोमवारच हवा असं नाही. पट्ट्यात कोणाची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, कोणाची रविवारी. सुट्टीनंतरचा पहिला दिवस साठलेल्या फोनचा आणि बंद पडलेल्या मशीनचा असतो, त्या दिवशी सकाळी कोणाचंच चित्त ठिकाणावर नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन-साडेतीन ही वेळ मला चांगली वाटते, दोन्ही शिफ्टचे सुपरवायझर भेटतात. संध्याकाळी पाचनंतर मात्र कधीच घेऊ नका. कल्याण-बदलापूरकडची माणसं ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला जाऊन पुढची गाडी पकडतात, पनवेलकडची वेगळ्या बाजूला जातात. साडेपाचला सगळ्यांचं लक्ष रबाळे स्टेशनकडे लागलेलं असतं आणि त्या वेळी जो निर्णय होतो तो सुटका करून घेण्यासाठी झालेला असतो.

मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी एक पान फिरवा. पीपीटी नको, एकच पान. त्यावर मुद्दे नावांनी लिहू नका, प्रश्नांनी लिहा. ‘प्लेटिंग रिजेक्शन’ असं लिहिलं की प्रत्येकजण त्यावर आपापलं बोलतो. ‘प्लेटिंगचं रिजेक्शन थांबवायला दुसरा प्लेटर शोधायचा, की आहे त्याच्याकडे आपला क्यूसीचा माणूस आठवडाभर बसवायचा?’ असं लिहिलं की लोक उत्तर घेऊन येतात. प्रश्न लिहिता येत नसेल तर तो मुद्दा अजून मीटिंगसाठी तयार झालेला नाही, ठेवून द्या. एका मीटिंगला तीन-चार प्रश्न भरपूर झाले.

त्याच पानावर आकडे. हे आकडे कुठून घ्यायचे ते एकदाच ठरवून टाका. रिजेक्शनचा आकडा क्यूसीच्या रजिस्टरमधला, की पार्टीच्या डेबिट नोटवरचा? दोन्हींत फरक असणारच, कारण एक आपल्या दारातला आणि एक त्यांच्या दारातला. स्टोअरचा शिल्लक माल आणि अकाउंट्सचा शिल्लक माल यांचंही तेच. किती बैठका ‘तुझा आकडा खरा की माझा’ यात जातात हे मी सांगू शकणार नाही, इतक्या पाहिल्यात. कोणता आकडा धरायचा हे मालकाने ठरवावं, आणि दुसरा आकडा ज्याला दाखवायचाय त्याने मीटिंगआधी जुळवून आणावा. पान आधी वाचून कोणी येईल यावर विसंबून राहू नका. पहिली चार-पाच मिनिटं सगळ्यांनी तिथेच शांतपणे वाचायचं. सुरुवातीला अवघड वाटेल, वडील मध्येच बोलायला लागतील. तरी धरून ठेवा.

आता प्रत्यक्ष मीटिंग. गुणवत्तेच्या मुद्द्यावर जे संभाषण तुमच्याकडे होत असेल ते मी साधारण सांगू शकते.

‘प्लेटिंगवाल्याचं काय झालं?’
‘बोललो साहेब त्याच्याशी.’
‘काय म्हणाला?’
‘बघतो म्हणाला.’
‘जरा दम द्या त्याला. नाहीतर दुसरा बघा.’
‘हो साहेब.’

यात ठरलं काय? काहीच नाही. कोणी, कधी, काय करायचं ते सोडाच, नेमकं बिघडलंय काय हेसुद्धा बोललं गेलं नाही.

महापेच्या एका युनिटमध्ये हेच चालू होतं. एम-८ च्या (आठ मिलिमीटर व्यासाच्या) स्टडवर झिंक प्लेटिंग होऊन माल आला की पार्टीकडे गो रिंग गेज (आटा मापात असेल तर त्यावर फिरत जाणारी तपासणीची कडी) जात नाही म्हणून परत. प्रत्येक मीटिंगमध्ये प्लेटरला दोष. मी एवढंच सुचवलं की पुढच्या वेळी टेबलावर माल ठेवा: प्लेटिंगआधीचे दहा, नंतरचे दहा, गेज, थ्रेड मायक्रोमीटर आणि ड्रॉइंग. आणि थ्रेड रोलिंगच्या ऑपरेटरला या एका मुद्द्यापुरतं वर बोलवा.

तो आला, उभाच राहिला. खुर्ची देऊन बसवावं लागलं. आधीचे पीस मोजले तर पिच डायमीटर (आट्याच्या उंचीच्या साधारण मध्यावरचा व्यास) बहुतेक ७.१५५ मिलिमीटरच्या वर, ७.१६० च्या आत. म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे बरोबर, कारण सव्वा मिलिमीटर पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) एम-८ ला ६जी या टॉलरन्समध्ये, म्हणजे मापातल्या फरकाच्या ठरलेल्या मर्यादेत, ७.१६० पर्यंत चालतं. आणि प्लेटिंग झाल्यावर हा डायमीटर ७.१८८ च्या पुढे जाता कामा नये. मधे जागा उरते २८ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). साठ अंशांच्या आट्यावर थर तिरक्या उतारावर बसतो, त्यामुळे पिच डायमीटर थराच्या चौपट वाढतो. आठ मायक्रॉनचा थर म्हणजे बत्तीस मायक्रॉन वाढ. वरच्या मर्यादेला काढलेल्या आट्यावर गेज अडणारच, प्लेटर कितीही चांगला असो. ऑपरेटरला विचारलं, ‘साइझ वरच्या बाजूला का ठेवता?’ तो म्हणाला, ‘खाली गेलं तर क्यूसी माल अडवतं. वर ठेवलं तर कोणी काही म्हणत नाही.’

क्यूसीचा मुलगा तिथेच होता. त्याने ड्रॉइंग पुन्हा पाहिलं. पुढच्या दहा मिनिटांत ठरलं: प्लेटरला थर जास्तीत जास्त बारा मायक्रॉन असं चलनावर लिहून द्यायचं, आणि रोलिंगच्या प्रोसेस शीटवर वरची मर्यादा ७.१४० करायची. बारा चोक अठ्ठेचाळीस मायक्रॉन वाढ धरली की ती बरोबर ७.१८८ वर येते. खालची मर्यादा ७.०४२ आहे तीच राहिली, ऑपरेटरला काम करायला भरपूर जागा उरली. ऑपरेटर खाली गेला आणि त्याच दुपारी सेटिंग बदललं.

तुम्ही स्वतः थ्रेड रोलिंग करता म्हणून मी हे इतकं तपशिलाने लिहिलंय, कदाचित तुमच्या रिजेक्शनमध्येही हेच निघेल, एकदा मोजून बघा. पण मीटिंगपुरतं त्यातून घ्यायचं ते हे: बोलण्याच्या आधी वस्तू टेबलावर ठेवा. माल, गेज, परत आलेलं चलन, पार्टीचा मेल छापून. वस्तू समोर असली की बोट माणसाकडून वस्तूकडे वळतं. आणि ज्याच्या हाताने काम होतं तो माणूस त्या मुद्द्यापुरता तिथे हवा, मुद्दा झाला की त्याला जाऊ द्या. पूर्ण मीटिंगभर बसवून ठेवू नका, त्यालाही ते नको असतं.

सुपरवायझर गप्प बसण्याचं एक कारण केबिन, दुसरं भाषा. आपल्या पट्ट्यात सुपरवायझर कोकणातला किंवा साताऱ्याकडचा असतो, ऑपरेटर उत्तर प्रदेश-बिहारचे, आणि इंजिनीअरची पोरं स्लाइड इंग्रजीत करून आणतात. तीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस त्या स्लाइडसमोर तोंड उघडत नाही. त्याला समजत नाही म्हणून नाही, आपलं बोलणं तिथे शोभणार नाही असं त्याला वाटतं म्हणून. मीटिंग मराठीत चालवा, जिथे लागेल तिथे हिंदीत. आणि निर्णय ज्या भाषेत खाली वाचले जाणार त्याच भाषेत लिहा. पार्टीला पाठवायचा रिपोर्ट इंग्रजीत, तो वेगळा.

बोलण्याचा क्रमही सांभाळा. वडील आधी बोलले की विषय संपतो, कितीही मोकळे असले तरी. त्यांना विनंती करा की प्रत्येक प्रश्नावर त्यांनी शेवटी बोलावं. मीटिंग तुम्हीही चालवू नका. प्लॅनिंगच्या किंवा क्यूसीच्या माणसाकडे द्या. जो चालवतो त्याला आपलं मत बाजूला ठेवून दुसऱ्याला बोलतं करावं लागतं, आणि तुम्हाला तर मत द्यायचंय. फोनबद्दल कडक नियम करण्यापेक्षा, डिस्पॅच आणि सेल्सने फोन चालू ठेवावा पण घ्यायचा तर बाहेर जाऊन, इतकंच पुरे. केबिनची अडचण सुटली की सेल्सचे अर्धे फोन आपोआप कमी होतील.

मीटिंग संपताना कागद. साधं रजिस्टर चालेल. प्रत्येक निर्णय एका ओळीत, तीन गोष्टींसह: काम, एका माणसाचं नाव, तारीख. उदाहरणार्थ,

‘एम-८ स्टडच्या प्रोसेस शीटवर वरची मर्यादा ७.१४०. रोलिंग सुपरवायझर. आज चारपर्यंत.’
‘प्लेटरला थराची कमाल मर्यादा चलनावर लिहून पाठवणे. स्टोअर. उद्याच्या गाडीबरोबर.’
‘रॉडचा दुसरा पुरवठादार, दर मागवणे. काका. शनिवार.’

‘क्यूसी आणि प्रॉडक्शनने मिळून बघणे’ असं कधी लिहू नका. दोघांचं काम कोणाचंच होत नाही. ‘लवकरात लवकर’ हीसुद्धा तारीख नव्हे. उठण्याआधी ओळी मोठ्याने वाचा, ज्याचं नाव आहे त्याने ‘हो’ म्हणायचं किंवा तिथल्या तिथे तारीख बदलून घ्यायची. मग पानाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर, त्याच तासात. टाइप करून, फाइल करून दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या मिनिट्स कोणी वाचत नाही.

पुढची मीटिंग याच ओळींपासून सुरू होते. आणि सगळ्यांत आधी तुमच्या, वडिलांच्या आणि काकांच्या नावावरच्या ओळी वाचायच्या. हे मी आग्रहाने सांगते. मालकाने स्वतःचं राहिलेलं काम सगळ्यांसमोर ‘राहिलं, गुरुवारपर्यंत करतो’ असं सांगितलं की खालच्या माणसाला खरं बोलायला बळ येतं. झालं, नाही झालं तर नवी तारीख, किंवा आता गरज नाही म्हणून खोडलं, या तीनच उत्तरांत ओळ संपवा. तारीख दुसऱ्यांदा पुढे गेली तर त्या माणसाला फैलावर घेऊ नका. बहुतेक वेळा काम चुकीच्या माणसाकडे गेलेलं असतं, किंवा त्याला लागणारी परवानगी वरच अडकलेली असते. ते शोधा.

तुमच्याकडे आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र) असेल तर याचा आणखी एक फायदा. २०१५ च्या आवृत्तीत ९.३ कलमाखाली मॅनेजमेंट रिव्ह्यू घ्यावा लागतो, आणि त्यात विचारात घ्यायच्या गोष्टींच्या यादीत पहिलीच गोष्ट म्हणजे मागच्या रिव्ह्यूमध्ये ठरलेल्या कामांची स्थिती. ऑडिटच्या आठवड्यात रात्री बसून जुने कागद तयार करण्याची जी धावपळ होते ती वाचेल, कारण रजिस्टरमध्ये खरी नोंद असेल. रिव्ह्यू घेताना त्यातूनच आकडे उचला. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर संचालक मंडळाच्या बैठका मात्र पूर्ण वेगळ्या ठेवा. त्यांची नोटीस, कोरम, ३० दिवसांत नोंदवायचं इतिवृत्त हे सगळं कंपनी कायद्याप्रमाणे तुमच्या सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा सीएकडून होऊ दे, या कामाच्या रजिस्टरशी त्याची सरमिसळ नको.

सुरुवात कशी करायची? या आठवड्यात फक्त वडील-काकांशी बोलणं आणि तीन याद्या. पुढच्या आठवड्यात रोजची उभी मीटिंग सुरू करा, सोमवारची आहे तशीच चालू द्या. रोजची बसली की सोमवारचे अर्धे मुद्दे स्वतःहून गळतील. मग वसुली बाहेर काढा. त्यानंतर उरलेल्या मीटिंगचं एक पान आणि रजिस्टर. सगळं एकदम आणलंत तर माणसं ‘मॅडमचं नवीन काहीतरी’ म्हणून महिनाभर वाट बघतील आणि जुन्यावर येतील. सुधारणा होते की नाही हे मिनिटांवर मोजू नका. रजिस्टरमधला ‘बदल’चा रकाना महिन्याच्या शेवटी उघडा. त्यात काही नोंदी असतील आणि केबिनमधून परस्पर बदललेलं एकही काम कानावर आलं नसेल, तर गाडी रुळावर आहे. रकाना पूर्ण रिकामा असेल तर सुपरवायझरला बाजूला घेऊन विचारा. बदल होतच असतील, फक्त लिहिले जात नसतील.

एखाद्या आठवड्यात प्रश्नच नसतील तर मीटिंग रद्द करा आणि तसं ग्रुपवर लिहा. रोजची उभी मीटिंग मात्र रद्द करू नका, तुम्ही बाहेरगावी असाल तेव्हाही नाही.

आणि वडिलांना बसवायचं का? रोजच्या मीटिंगला नको, तिथे त्यांना पाहिलं की सगळे फळ्याऐवजी त्यांच्याकडे बघून बोलतात. आठवड्याच्या मीटिंगला जरूर, पूर्ण वेळ. त्यांना बाहेर ठेवलंत तर केबिन पुन्हा सुरू होईल. पान आदल्या संध्याकाळी त्यांच्या हातात छापील द्या आणि त्यांच्याकडची माहिती त्याच वेळी विचारून घ्या: ‘बाबा, यातल्या कुठल्या पार्टीबद्दल आम्हाला माहीत नसलेलं काही आहे का?’ ते जे सांगतील त्यातलं चारचौघांत बोलण्यासारखं असेल ते त्यांनाच मीटिंगमध्ये मांडू द्या. उरलेलं तुम्ही मनात ठेवून निर्णय त्या दिशेने न्या, आणि कोणी विचारलं की असंच का, तर ‘या पार्टीचा निर्णय बाबांच्या यादीतला आहे’ असं स्पष्ट सांगा. माणसं हे समजून घेतात.